दवाखान्याचे टेंडर आपण वाचतो का?

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओचा दिवस होता. घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात बारा लहान मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. गाव भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतले. मुलांना त्रास सुरू झाला आणि त्यांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. मुले वाचली. खालच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, बातमी देशभर गाजली आणि दोन-तीन दिवसांत विरली.

चूक कर्मचाऱ्यांची होती, यात वाद नाही. पण बारा मुलांना एकाच वेळी निगराणीखाली ठेवायची वेळ आली की घाटंजी तालुक्यातली गाडी यवतमाळच्याच रस्त्याला लागते, हेही त्या दिवशी दिसले. हे अंतर साधारण ४० किलोमीटर आहे. २०१७ च्या फवारणी हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले, तेव्हाही ठिकठिकाणच्या तालुक्यांतून रुग्ण याच रुग्णालयात येऊन पडले होते. त्यांच्यात रोजाने फवारणी करणारे भूमिहीन मजूर होते. ते कोणत्या वस्त्यांतले, हे या वाचकांना सांगायला नको.

म्हणून तालुक्याला मोठा दवाखाना हवा ही मागणी रास्तच आहे. घाटंजीत आहे, आर्णीत आहे, झरीतही आहे. मात्र ही मागणी करताना आपण थांबतो कुठे, ते पाहू. ‘निधी मंजूर’ अशी बातमी आली, चौकात आभाराचे बॅनर लागले, भूमिपूजनाचा नारळ फुटला की निवेदन देणारे कार्यकर्ते घरी जातात. सरकारी दवाखान्याचे भवितव्य ठरायला खरी सुरुवात तिथून होते.

सरकारी कारभारात दवाखाना एका कागदावर उभा राहत नाही. इमारतीची प्रशासकीय मान्यता हा एक कागद. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांच्या पदनिर्मितीचा जीआर हा दुसरा. यंत्रसामग्री, औषधे आणि रोजची देखभाल हा तिसरा, आणि तो तर अनेक तुकड्यांत फाटलेला. तिन्ही कागद वेगवेगळ्या टेबलांवरून, वेगवेगळ्या वेळी निघतात. पहिल्या कागदाच्या मागे धावणारे पुष्कळ असतात, कारण त्यातून बिल निघते. ठेकेदाराला काम हवे असते, पुढाऱ्याला कोनशिला हवी असते, बांधकाम विभागाला निधी खर्ची टाकायचा असतो. परिचारिकेचे एक पद मंजूर झाल्याने कोणाचेही बिल निघत नाही. त्या कागदामागे धावायला कोणी नसते. इमारती उभ्या राहतात आणि दवाखाने उभे राहत नाहीत, याचे माझ्या मते सगळ्यात मोठे कारण हे आहे. भ्रष्टाचार त्यानंतर येतो.

यवतमाळचेच उदाहरण घ्या. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रातल्या चार शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांना अतिविशेषोपचार रुग्णालये मंजूर झाली : औरंगाबाद, लातूर, अकोला आणि यवतमाळ. प्रत्येकी १५० कोटी, त्यात केंद्राचे १२० आणि राज्याचे ३०. बांधकाम केंद्राने नेमलेल्या यंत्रणेने करायचे आणि माणसे राज्याने द्यायची, अशी वाटणी होती. बांधकामाचा ठेका निघाला, इमारत चढली. पदे मात्र मागाहून, टप्प्याटप्प्याने मंजूर होत गेली. हृदयविकाराचा किंवा मेंदूचा तज्ज्ञ यवतमाळला येऊन राहील का, हा प्रश्न सिमेंटचा पहिला ट्रक येण्याआधी विचारायला हवा होता.

ही तक्रार एकट्या यवतमाळची नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य सुविधांवरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर अधिवेशनात सभागृहात ठेवला गेला. राज्यात परिचारिकांची साधारण एक तृतीयांश मंजूर पदे रिकामी असल्याचे त्यात आहे. २०१३ आणि २०१४ च्या बृहत आराखड्यांत मंजूर केलेली आरोग्य संस्थांची बहुसंख्य कामे अपुरी असल्याचेही तोच अहवाल सांगतो. म्हणजे जिथे इमारत आहे तिथे माणसे नाहीत, आणि अनेक ठिकाणी इमारतही नाही. आपल्या किती संघटनांनी हा अहवाल उघडून पाहिला? पुतळ्याच्या विटंबनेवर आपण तासाभरात रस्त्यावर असतो, आणि असायलाच हवे. पण महालेखापरीक्षकांच्या अहवालावर मोर्चा निघाल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता ठेक्याच्या आत शिरू. दवाखान्याचे अंदाजपत्रक शासनाच्या दरसूचीवर बनते. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग ई-निविदा. निविदेत दोन लिफाफे असतात, एक तांत्रिक आणि एक आर्थिक. तांत्रिक लिफाफ्यात जो नापास होतो त्याचा दर उघडलाच जात नाही. म्हणून खेळ बहुतेकदा तांत्रिक अटींत होतो. अमुक यंत्रसामग्री स्वतःच्या मालकीची हवी, तमुक अंतरात काँक्रीटचा प्लांट हवा, जागा पाहिल्याचा दाखला कार्यकारी अभियंत्याकडूनच आणायला हवा. अट कागदावर तांत्रिक दिसते आणि प्रत्यक्षात दोन-तीन जण सोडून बाकीचे बाहेर पडतात. दुसरी युक्ती म्हणजे लहान लहान कामे एकत्र करून एकच मोठे टेंडर काढणे. तालुक्यातला नवा अभियंता त्यात बसूच शकत नाही.

याच्या उलट टोकाला ‘बिलो’ असते. अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दराने काम घ्यायचे. दहा टक्क्यांहून खाली गेले तर जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, तरीही घेणारे घेतात. मग ती तूट कुठून भरून काढायची? सळई, सिमेंट, पाइप आणि मजुराची हजेरी यांतून. नाहीतर काम अर्ध्यावर अडकवून ठेवायचे आणि ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, यायची वाट बघायची. विदर्भाला हा शब्द सिंचन प्रकल्पांमुळे चांगलाच पाठ आहे.

ठेकेदाराचीही एक बाजू आहे आणि ती लपवू नये. सरकार वेळेवर पैसे देत नाही. २०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटनांनी राज्याकडे ८९ हजार कोटींची बिले थकल्याचा दावा करून काम बंद करण्याचा इशारा दिला होता. आकडा त्यांचा आहे, तो वादाचा असेल. पण निवडणुकीच्या तोंडावर तिजोरीत नसलेल्या पैशांच्या मान्यता वाटल्या की दवाखान्याचे पिलर वर्षानुवर्षे गंजत उभे राहणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आणि थकलेले बिल मोठा ठेकेदार सोसतो, कर्ज काढून नुकताच धंद्यात उतरलेला आपला पोरगा सोसू शकत नाही.

इमारतीच्या ठेक्यातून हमखास बाजूला पडणारी एक गोष्ट आहे : वीज आणि आग. सार्वजनिक बांधकाम विभागात विद्युत शाखा वेगळी, तिचे अंदाजपत्रक वेगळे, टेंडरही बहुधा वेगळे. अग्निशमन यंत्रणा त्याच्याही मागे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. अग्निसुरक्षा यंत्रणेचा प्रस्ताव तोवर मंजुरीच्या वाटेवर पडून होता. गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, कोविडसाठी नव्याने उभारलेल्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा रुग्ण दगावले. तिथेही अटक झाली ती एका डॉक्टरची आणि परिचारिकांची. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र त्यानुसार वर्षातून दोनदा द्यावे लागते. ती सही कोणाची होती, यंत्रणेचे पैसे कोणत्या टेबलावर अडले होते आणि काम अपुरे असताना इमारत ताब्यात कोणी घेतली, हे प्रश्न पाळीवर असलेल्या नर्सपर्यंत येऊन संपतात. सरकारी नोकरीच्या उतरंडीत पाळीवर कोण असते आणि सहीवर कोण असते, हा जातीचाही प्रश्न आहे.

ठेका आणि जात यांचा संबंध आपल्याला नवा असू नये. बाबासाहेबांनी तो ऑक्टोबर १९४२ मध्येच मांडला होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर सदस्य होते, आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच विभागाकडे होते. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले, त्यात कायदेमंडळ, नोकऱ्या आणि शिक्षण यांच्याबरोबर सरकारी ठेक्यांचा मुद्दा आहे. बांधकाम खात्याच्या यादीत हजाराहून अधिक ठेकेदार, आणि त्यात अनुसूचित जातीचा अवघा एक, अशी स्थिती त्यांनी दाखवून दिली होती. नोकऱ्यांच्या मागणीला पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, ८.३३ टक्के आरक्षणाचे उत्तर मिळाले. ठेक्यांच्या मागणीला तसे उत्तर मिळाले नाही. आपणही ती पुढे रेटली नाही. आरक्षण म्हणजे नोकरी हे समीकरण इतके पक्के झाले की सरकार ठेक्यांतूनही भरपूर पैसा वाटते, याकडे लक्षच गेले नाही.

२००२ च्या जानेवारीत भोपाळच्या दलित परिषदेत तो धागा पुन्हा उचलला गेला. पुढे कर्नाटकाने कायदाच केला. सरकारी बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के, आधी ५० लाखांपर्यंतच्या आणि २०२३ पासून एक कोटीपर्यंतच्या कामांत. महाराष्ट्रात बांधकामांसाठी असा कायदा नाही. इथे लहान कामांची वाटणी सुशिक्षित बेरोजगार अभियंते ३३ टक्के, मजूर सहकारी संस्था ३३ टक्के आणि खुली निविदा ३४ टक्के अशी होते. मजूर संस्थांच्या सभासद यादीत खरे मजूर किती आणि बंगल्यात राहणारे ‘मजूर’ किती, हे जिल्ह्याजिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यामुळे फक्त ‘आपल्या माणसाला ठेका द्या’ एवढ्याच मागणीवर मी समाधानी नाही. नाव आपल्याचे, पैसा दुसऱ्याचा आणि दोन टक्के घेऊन सही करणारा ‘कागदी ठेकेदार’ आपल्यातही तयार होतो. आरक्षणाबरोबर कामाचे भांडवल, बँक हमी आणि वेळेवर बिल यांची तरतूद हवी, नाहीतर कर्नाटकाचा कायदा इथे आणूनही हाती लागेल ती फक्त सही. शिवाय ठेकेदार कोणीही असो, घमेली उचलणाऱ्या बाया आपल्याच वस्तीतल्या असतात. ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला तरच त्यांची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. त्या मंडळासाठी कामाच्या रकमेवर एक टक्का उपकर कापला जातो. बाईच्या घामावर पैसा मंडळात जमा आणि बाईकडे मात्र दाखलाच नाही, हे दवाखान्याच्या साइटवरही घडते.

बांधकाम संपल्यावर दुसरे ठेके सुरू होतात : साफसफाई, सुरक्षा, धुलाई, जेवण. राज्यभरातल्या सरकारी रुग्णालयांच्या यांत्रिक साफसफाईचे सुमारे ३,२०० कोटींचे कंत्राट २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांना स्थगित करावे लागले. बातम्यांत चर्चा झाली ती मंत्र्यांच्या कुरघोडीची. त्या कंत्राटाखाली झाडू कोणाच्या हातात असणार होता आणि त्याला किती रुपये मिळणार होते, यावर चर्चा नाही. पूर्वी ही कायम पदे होती. आपल्या कित्येक घरांतली पहिली पगाराची नोकरी तीच होती.

घाटंजी तालुक्यातली काही गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. आदिवासी भागासाठी आरोग्य संस्थांचे निकष वेगळे आहेत : प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजारांऐवजी २० हजार लोकसंख्येला, उपकेंद्र पाच हजारांऐवजी तीन हजारांना. कोलाम पोडावरची बाई आणि बौद्ध वस्तीतली बाई एकाच बाकड्यावर बसून डॉक्टरची वाट पाहतात, तेव्हा या प्रश्नावर आदिवासी संघटनांना वगळून काढलेला मोर्चा अर्धाच राहील.

कामाला लागायचे असेल तर कागद हाताशी आहेत. निविदा महाटेंडरच्या संकेतस्थळावर, शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम २(ञ) आहे. त्याखाली फक्त झेरॉक्स मिळते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही त्यात आहे. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि दोष दायित्वाचा कालावधी या चार गोष्टी मागितल्या की काम कुठे अडले, कोणी अडवले आणि गळणारे छत फुकटात दुरुस्त करून देण्याची ठेकेदाराची मुदत कधी संपते, हे कळते. अनेक इमारतींत ती मुदत दवाखाना सुरू होण्याआधीच संपलेली असते.

हा अर्ज बांधकाम विभागाकडे करताना त्याच दिवशी दुसरा अर्ज आरोग्य विभागाकडे करावा : या इमारतीसाठी पदनिर्मितीचा शासन निर्णय निघाला आहे का, कोणत्या तारखेचा, किती पदांचा, आणि त्यातली आज भरलेली किती. पहिल्या अर्जाला उत्तर बहुधा मिळते. दुसऱ्यासाठी अपिलात जायची तयारी ठेवा.