खडक बोलतो, ऐकणार कोण?

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि दख्खनचे पठार अचल आहे, ही समजूत त्याच ढिगाऱ्याखाली गाडली गेली. ६.३ रिश्टरच्या त्या भूकंपानंतर कोयना-वारणा परिसरातील हादरे थांबलेले नाहीत. मात्र प्रत्येक धक्क्यानंतर महाराष्ट्रात एकच विधी पार पडतो : ‘धरण सुरक्षित आहे’ असे निवेदन निघते, वृत्तपत्रांत चार ओळी छापून येतात आणि विषय मिटतो. हे धैर्य नव्हे. ही बौद्धिक निद्रा आहे.

वास्तविक प्रत्येक लहान धक्का हा भूगर्भाने धाडलेला सांगावा असतो. पहिल्या लहरीने कोणत्या केंद्रावर जमीन वर ढकलली गेली आणि कोठे खाली खेचली गेली, यावरून प्रस्तरभंग कसा सरकला ते कळते. अशा असंख्य नोंदी जुळवल्या की खडकांवरील ताणाची दिशा उलगडते. दुय्यम लहर समांतर भेगांच्या खडकातून जाताना दुभंगते. भेगांना समांतर कंप पावणारी आधी पोहोचते, दुसरी मागे रेंगाळते. त्या विलंबावरून भेगांची दाटी ताडता येते.

ही विद्या उसनी आणावी लागत नाही. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराड येथील प्रयोगशाळेच्या प्रकल्पात २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टखाली तेथे ग्रॅनाइटी पाया लागला.

‘एवढे खोदून भूकंपाचे भाकीत मिळाले काय?’ असा उपहास करणारे विद्वान आहेतच. नेमके भाकीत जगात कोणालाही साधलेले नाही. परंतु पाणी कोणत्या भेगांत मुरते आणि ताण कोठे साचतो, हे कळल्याखेरीज जलाशय भरण्याचा वेग, बोगद्यांची आखणी आणि घरांची बांधणी अंदाजपंचेच राहणार. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने गाफीलपणाची किंमत हजारो प्राणांनी वसूल केली.

आपत्तीत सर्वस्व घेऊन धावणारा मराठी समाज संशोधनाच्या प्रश्नावर मूक का? या कार्याला अखंड निधी मिळावा, निष्कर्ष मराठीतून पाटणच्या शाळा-ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचावेत, ही मागणी समाजानेच केली पाहिजे. ढिगारे उपसणे हे पुण्यकर्म खरेच; पण ढिगारे होऊच नयेत म्हणून खडकाचे ऐकणे, हे त्याहून थोर कर्तव्य आहे.