मुद्दाम चुकवलेला आरसा

जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. तिचे आरसे घासणाऱ्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. म्हणून या अंकाची मुखकथा त्यांच्यावर. बेरिलियमचे १८ षटकोनी तुकडे मिळून साडेसहा मीटरचा आरसा होतो. अडचण अशी, की खोलीच्या तापमानाला अचूक घासलेला तुकडा अवकाशातल्या कडाक्याच्या थंडीत किंचित वाकतो. तेव्हा अलाबामातल्या मार्शल केंद्रात तुकडे गारठवून ते किती वाकतात हे मोजले आणि कॅलिफोर्नियात नेऊन नेमके त्याच्या उलट घासले. म्हणजे जमिनीवर मुद्दाम थोडे चुकीचे!

एवढी काटेकोर तपासणी अनेकांना अति वाटली असेल. त्यांनी हबल आठवावी. १९९० साली सोडलेल्या त्या दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा कमालीचा गुळगुळीत होता, फक्त आकार चुकला होता. तपासणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेले होते. इतर चाचण्यांनी गडबड दाखवलीही होती. पण त्या कमी अचूक म्हणून बाजूला सारल्या गेल्या. माझ्या मते खरा दोष भिंगाचा नव्हे, या निर्णयाचा. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन हबलची दृष्टी सुधारली. वेब मात्र पंधरा लाख किलोमीटरवर आहे. तिथे दुरुस्तीला माणूस पाठवायची सोय नाही.