कडकनाथचा जवारी हिशेब

सप्टेंबर 2019 मध्ये सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या महाजनादेश यात्रेच्या ताफ्यासमोर आंदोलकांनी काळ्या कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली. पोट जळत असल्याशिवाय कुणी स्वतःची कोंबडी रस्त्यावर फेकत नाही. इस्लामपूरच्या एका कंपनीने पिल्लं, खाद्य, औषध सगळं आम्ही देऊ आणि तयार माल आम्हीच परत घेऊ, अशा करारावर शेतकऱ्यांकडून पैसे घेतले होते. अंड्याला आणि पक्ष्याला मोठा भाव कबूल केला होता. खाद्य यायचं थांबलं, फोन बंद झाले, शेडमध्ये कोंबड्या उपाशी मेल्या. पुढे गुन्हे दाखल झाले. पैसे बुडाले ते कर्ज काढून शेड उभारलेल्या माणसांचे.

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला इस्लामपूर काही परकं नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरचा हा एकच पट्टा, सोयरीक एक, बोली एक. म्हणून ‘कडकनाथ’ हा शब्द उच्चारला की आमच्याकडे आजही लोक हात झटकतात. हे झटकणं समजण्यासारखं आहे, पण त्यात एका निर्दोष पक्ष्यावर अन्याय होतो.

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर आणि धार या जिल्ह्यांतले भिल्ल आणि भिलाला लोक पिढ्यान्‌पिढ्या ही कोंबडी पाळत आले. ते तिला ‘कालामासी’ म्हणतात. पीस काळं, तुरा काळा, जीभ काळी, मांस आणि हाडाचं आवरणही काळं. देवकार्याला आणि पाहुण्याला ती लागायची, अडीनडीला विकली जायची. तिचा व्यापार असा नव्हताच. 1978 मध्ये राज्य सरकारने झाबुआत तिच्या पैदाशीसाठी केंद्र काढलं, कारण जात आटत चालली होती. पुढे कृषी विज्ञान केंद्राने हे काम उचललं. 2018 मध्ये ‘झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट’ला भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही त्यावर हक्क सांगितला होता. महेंद्रसिंग धोनीने रांचीच्या शेतासाठी झाबुआहून दोन हजार पिल्लं मागवली, तेव्हा तर देशभर बातमी झाली. चाळीस वर्षांत भिल्लांच्या अंगणातली कोंबडी हॉटेलच्या पाटीवर गेली, आणि जिने तिला सांभाळलं त्या भिल्ल बाईला तो भाव किती मिळाला, हे फारसं कुणी विचारलं नाही.

काळं मांस ही झाबुआची एकट्याची गोष्ट नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस चीन पाहिलेल्या मार्को पोलोच्या वृत्तांतात केसाळ, काळ्या कोंबड्यांचा उल्लेख येतो. इंडोनेशियातली आयाम सेमानी आणि स्वीडनची स्वार्टहोना याही अशाच. जनुकशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा या सगळ्यांत एकच बदल सापडला. विसाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा दुणावलेला असतो, त्यामुळे गर्भातच रंगपेशी वाढतात आणि अंगभर पसरतात. कडकनाथमध्येही तोच बदल आहे. म्हणजे कुठेतरी, कधीतरी हा बदल एकदाच घडला आणि माणसांच्या हातून अर्धं जग फिरला.

परसात काळी कोंबडी स्वस्तात तयार करायची असेल, तर हीच माहिती उपयोगी पडते. तो दुणावलेला तुकडा आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. पण रंग कातडीत उतरू न देणारा दुसरा एक अटकाव असतो, आणि तो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर बसतो. इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी सिल्की या केसाळ, काळ्या मांसाच्या कोंबड्यांवर काम करून 1911 मध्ये हे मांडलं. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबडीला कडकनाथ कोंबडा लावला, तर तलंगा काळ्या निघतात आणि कोंबडे फिके. जोडी उलटी लावली, म्हणजे पिवळ्या पायांचा कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी, तर बहुतेक सगळी पिल्लं फिकी. आपल्या जवारी, म्हणजे गावठी कोंबड्यांत मात्र राखी, काळपट, हिरवट पायांच्या पुष्कळ असतात. त्यांच्यात हा अटकाव नसतो. अशा कोंबड्या निवडल्या की पहिल्याच पिढीत नर-मादी दोन्ही काळपट मिळतात, आणि त्यांच्या तलंगांना दुसऱ्या घरचा कडकनाथ कोंबडा लावला की रंग आणखी गडद होत जातो. चार-पाच घरांत मिळून दोन चांगले कोंबडे असले आणि ते अदलाबदल करून फिरवले, तर हे साधतं. शंभर पिल्लांची ऑर्डर लागत नाही.

शुद्ध कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते आणि खुडूक क्वचितच बसते. जवारी कोंबडी मात्र खुडूक बसण्यात पटाईत. तिच्याखाली दहा-बारा कडकनाथची अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर, यंत्र नको, वीज नको. आमच्याकडे कोंबडी अर्धेलीने द्यायची जुनी चाल आहे: कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, पिल्लं दोघींत. ज्या बाईच्या हातात पिल्लं विकत घ्यायला पैसे नाहीत तिच्यासाठी ही चाल कोणत्याही बँकेच्या कर्जापेक्षा बरी.

शेडमधली गणितं इथे चालवायला गेलं की घोटाळा होतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो. कडकनाथला सव्वा किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. इतके दिवस पोत्यातलं खाद्य विकत घालून वाढवलेला पक्षी महागच पडणार, आणि महाग पक्ष्याला गिऱ्हाईक मोजकंच. उकिरडा, खळ्यावरचे दाणे, किडे, घरातलं उष्टं यावर वाढलेली कोंबडी मात्र परवडते. इस्लामपूरच्या योजनेत हाच पाया उलटा घातला होता. अंगणातला पक्षी कोंडला, त्याला कंपनीच्या खाद्याची सवय लावली, आणि मांस खाणारं गिऱ्हाईक शोधण्याऐवजी पुढचा पिल्लू घेणारा शोधला. 2012 मध्ये तामिळनाडूतल्या पेरुंदुराईला इमूच्या नावाने हेच झालं होतं. पक्षी वेगळा, करार तोच. सात वर्षांपूर्वीचं उदाहरण समोर असताना सरकारी खात्यांनी गावोगाव इशारा द्यायला हवा होता. तो दिला गेला नाही, आणि हा दोष शेतकऱ्याच्या हावेवर ढकलून चालणार नाही.

भाव दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं, हे निपाणीला शिकवायची गरज नाही. तंबाखूचा भाव व्यापारी ठरवत होते म्हणून 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच महामार्गावर बसले. गोळीबार झाला, माणसं गेली. त्या आंदोलनाची आठवण असलेल्या तालुक्यात कुणी कोंबडीचा भाव वर्षभर आधी छापून देत असेल, तर तो कागद दहादा वाचला पाहिजे.

औषधी गुणांच्या जाहिरातींपासूनही लांब राहावं. मांसात चरबी कमी, प्रथिनं जास्त हे खरं, पण मोकळ्या फिरणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या जवारी कोंबडीतही चरबी कमीच असते. कडकनाथ खाऊन मधुमेह बरा होतो असं सांगणारा माणूस पक्षी विकत नाही, आशा विकतो. आणि संकराला शुद्ध कडकनाथ म्हणून विकू नये. झाबुआचं नाव झाबुआच्या लोकांचं आहे. आपल्या मालाला ‘काळी जवारी’ म्हणावं आणि त्याच नावाने बेळगावच्या खडेबाजारातल्या गिऱ्हाइकासमोर ठेवावं. गावठी कोंबड्याला चार पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक तिथे आहेच. त्याच्या खिशाला झेपेल तो भाव धरावा, म्हणजे ते पुन्हा येईल.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं, तेवढं विसरू नये. पहिल्या आठवड्यात लासोटा लस दिली नाही तर एका रात्रीत डालगं रिकामं होतं. दुसरा धोका बर्ड फ्लूचा: 2006 मध्ये नवापूरला आणि 2021 मध्ये खुद्द झाबुआत त्याने काय केलं हे आपण पाहिलं आहे. कुक्कुटपालनाच्या योजनांत हजार पक्ष्यांची शेड दिसते, दहा कोंबड्यांची लस दिसत नाही. बेळगावच्या पशुसंवर्धन खात्याने गावातल्या स्त्रियांच्या बचत गटांना काळ्या पायांच्या जवारी कोंबड्या निवडायला शिकवावं, खात्रीचे कडकनाथ कोंबडे मिळवून द्यावेत आणि ठरल्या दिवशी लस टोचणारा माणूस पाठवावा. त्यासाठी नव्या अनुदानाची वाट पाहू नये. आणि वाचकांनो, दारात कुणी पिल्लांचा करार घेऊन आला, तर त्याला एवढंच विचारा: गेल्या महिन्यात तुमचा पक्षी कुणी खाल्ला, आणि किती रुपयांना? उत्तर मिळालं नाही, तर सही करू नका.