"ब्रेक ऑइल टाकलंय, आता टकाटक!"

आज ऊस, खत, पाणी काही नाही. आज वरच्या वाक्याशी भांडायचंय. आपल्याकडं गॅरेजात ते सर्रास ऐकू येतं आणि आपणही खुशीनं ऐकतो, कारण शे-दीडशेत काम भागतं.

माझ्या जुन्या गाडीचा ब्रेक पंधरा दिवस वेगळा लागत होता. पाय ठेवला की आधी स्पंजावर पडल्यासारखं वाटायचं, मग ब्रेक धरायचा. गाडी किंचित डावीकडं ओढायची. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं, डबीत ऑइल कमी दिसलं, फळीवरच्या अर्ध्या उघड्या बाटलीतलं ओतलं. "जुनी गाडी, पेडल असंच असतं काका." चाकाला हातसुद्धा लावला नाही. मीही मान डोलावली, ही माझी चूक.

पुढच्या आठवड्यात पाटणहून चिपळूणला निघालो. मागं सूनबाई आणि दोन नातवंडं. कुंभार्ली घाट निम्मा उतरलो आणि पेडल थेट तळाला! भराभर पाय मारला तेव्हा थोडा ब्रेक लागला. दुसऱ्या गिअरवर आणलं, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला लावली. पुढच्या डाव्या चाकापाशी उभं राहवेना, एवढी धग आणि जळका वास. पोरं गप्प झालेली.

अर्ध्या तासानं पेडल परत जागेवर. गंमत बघा, गाडी थंड झाली की पुरावाच राहत नाही. घाटात काय झालं ते गॅरेजात दिसत नाही, आणि मग "काही नाही ओ, तुम्ही घाबरलात" ऐकून घ्यावं लागतं.

ब्रेक ऑइल पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखं ओल धरतं. डॉट ३ ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळू नये असं त्याचं माप आहे. ३.७ टक्के पाणी शिरलं की तेच माप १४० वर येतं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पाय खाली जातो आणि चाकाला जोर पोचतच नाही.

पण तापलं कशानं? चिपळूणच्या मिस्त्रीनं जॅक लावून चाक हातानं फिरवून बघितलं. फिरेना. शेतरस्त्याचा चिखल बसून कॅलिपरच्या पिना गंजून गच्च झालेल्या. आतलं पॅड पत्र्याला टेकलेलं, बाहेरचं अजून जाड. म्हणजे चाक सतत घासत होतं. पॅड झिजलं की पिस्टन पुढं येतो आणि डबीतली पातळी खाली जाते. गाडीनं धाडलेला तो निरोप आमच्या गावच्या गॅरेजवाल्यानं वर ऑइल ओतून पुसून टाकला.

त्याला फोन केला तर म्हणतो, "मास्टर सिलिंडर गेला असणार, बदलून टाकू." न बघता! अहो, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठंतरी गळती. माझं बसत नव्हतं. चार वेळा दाबल्यावर वर येत असेल तर नळीत हवा, नाहीतर मागच्या ड्रमचे लायनर सैल. पेडल दगडासारखं घट्ट असेल तर बूस्टरची व्हॅक्यूम नळी बघा. गाडी महिनाभर शेडात उभी असली की उंदीर ती आवडीनं कुरतडतात.

आमचे एक पाहुणे म्हणाले, "तुला गिअरवर उतरता येत नाही, ऑइलला कशाला नावं ठेवतोस?" अर्धं खरं आहे. मी चौथ्यात होतो, घाटात दुसरा-तिसरा हवा होता. पण खालचा गिअर टाकून गंजलेली पीन सुटते का?

पॅड, पिनांचं रबर, सगळं ऑइल नवं आणि मजुरी मिळून २,८५० रुपये गेले. ऑइल बदलायची मुदत गाडीच्या पुस्तकात असते, साधारण दोन वर्षं. माझं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच होतं. आणि काही जण ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल कारच्या ब्रेकच्या डबीत ओततात, त्यांना हात जोडून सांगतो, रबरी सील फुगून बसतील.

काल त्या गॅरेजवरनं गेलो. ती अर्धी बाटली अजून फळीवरच आहे, बूच न लावता.