जेम्स वाँग हाऊ

पडदा उजळला की प्रेक्षक नटनटींची नावे वाचतात, फार तर दिग्दर्शकाचे वाचतात. छायालेखकाचे नाव येते तेव्हा बहुतेकजण अंधारात आपली खुर्ची चाचपडत असतात. ज्याच्या डोळ्यांनी पुढले दोन तास पाहावयाचे, त्याचेच नाव कोणी पाहत नाही! परंतु हॉलिवूडचे थोर छायालेखक जेम्स वाँग हाऊ यांच्या वाट्याला जे आले, ते या नेहमीच्या उपेक्षेहून फार कडवट होते, आणि त्याविषयी आम्हांला आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

१८९९ साली दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात जन्मलेला हा मुलगा पाचव्या वर्षी बापाकडे अमेरिकेत आला. पोरवयात त्याने मुष्टियुद्धाचा आखाडा गाजवू पाहिला. पुढे हॉलिवूडमध्ये सेसिल डी'मिल ज्या स्टुडिओत चित्रपट काढीत, तेथे कॅमेऱ्यांची खोली झाडण्याचे आणि पाटी धरण्याचे काम पत्करले. दैव उघडले ते एका नटीच्या निळ्या डोळ्यांमुळे. त्या काळच्या फिल्मवर निळा रंग पांढराफटक उमटे, आणि मेरी माइल्स मिंटर या नटीचे डोळे पडद्यावर अगदी निर्जीव दिसत. हाऊ यांनी सहज काढलेल्या तिच्या छायाचित्रात मात्र ते काळेभोर उतरले. समोरच्या गडद पृष्ठभागाचे प्रतिबिंब बुबुळांत पडले होते, एवढेच त्यातले रहस्य! मग काळ्या मखमलीचा पडदा टांगून, त्याला पाडलेल्या भोकातून त्यांनी तिचे चित्रण केले. बाईंनी चीनहून खास माणूस आणविला असून तो मखमलीआड दडून काम करतो, अशी वदंता गावभर झाली.

हीच कल्पकता अखेरपर्यंत टिकली. १९४७ सालच्या 'बॉडी अँड सोल'मधील मुष्टियुद्ध टिपण्यासाठी ते पायांत चाकांचे बूट घालून, हाती कॅमेरा घेऊन आखाड्यात उतरले आणि साहाय्यकाने त्यांना ढकलीत नेले. लहानपणीचे ठोसे असे कामी आले म्हणावयाचे! दहा वेळा त्यांचे नाव ऑस्करसाठी पुढे आले. 'द रोझ टॅटू' (१९५५) आणि 'हड' (१९६३) यांसाठी ते पारितोषिक त्यांना लाभलेही.

पण हा गौरव करणाऱ्या देशाचा कायदा काय म्हणत होता? १८८२ च्या चिनी-बंदी कायद्याने चिनी माणसाला अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्याची सोय ठेवली नव्हती. १९४० साली अब्राहम लिंकनच्या चरित्रपटाचे छायालेखन हाऊ यांनी केले. १९४२ साली 'यांकी डूडल डँडी' हा देशभक्तीने ओथंबलेला चित्रपट आला, त्याचा कॅमेराही त्यांचाच. अमेरिकेला तिचे स्वतःचे रूप इतके देखणे करून दाखविणारा हा माणूस तोवर अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नव्हता. आपल्याला कोणी जपानी समजू नये म्हणून युद्धकाळात ते 'मी चिनी आहे' असा बिल्ला लावून हिंडत. चिनी-बंदीचा कायदा रद्द झाला तो १९४३ साली, तोही चीन युद्धात दोस्त राष्ट्र ठरल्यामुळे. न्यायबुद्धी जागी झाली म्हणून तो गेला, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.

घरातही कायदा शिरलाच होता. लेखिका सनोरा बाब यांच्याशी हाऊ यांनी १९३७ साली पॅरिसमध्ये विवाह केला. कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र गोऱ्यांचा आणि त्याने 'मंगोल' ठरविलेल्यांचा विवाह मानीत नव्हता, आणि स्टुडिओच्या करारातील नीतिमत्तेच्या कलमामुळे हा संबंध उघड करण्याचीही चोरी होती. लग्नाच्या नवराबायकोने एकाच इमारतीत वेगवेगळी बिऱ्हाडे करावयाची, आणि त्याला नीती म्हणावयाचे! १९४८ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. पुढच्या वर्षी, पॅरिसच्या विवाहाला बारा वर्षे लोटल्यावर, त्या दोघांनी कॅलिफोर्नियात पुन्हा लग्न लावले.