बॅटरी वाढवली, पॉवर नाही

उन्हाळा लागला, वीज जायला लागली की इन्व्हर्टरच्या दुकानात एक मागणी हमखास येते : आणखी एक बॅटरी जोडून द्या, म्हणजे मिक्सरही चालेल. बॅटरी घरी येते, प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून होते. चार पंखे फिरत असताना कुणीतरी मिक्सरचं बटण फिरवतं, ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि घर पुन्हा अंधारात जातं. दहा-पंधरा हजार रुपये गेले ते गेलेच.

अशा जोडणीने बॅकअपचा वेळ वाढतो. एका वेळी किती वॅट मिळणार, हे इन्व्हर्टर ठरवतो. टाकी रुंद केली म्हणून नळाची धार जाड होत नाही.

त्यात खोक्यावरचा आकडा फसवतो. ९०० व्हीए म्हणजे ९०० वॅट नव्हेत; पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ७२०. तेवढे वॅट १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायचे, तर मधली गळती धरून ७० अँपिअरच्या वर करंट लागतो. बॅटरीवरचे १५० अँपिअर-तास मात्र सहसा २० तासांच्या हिशेबाने, म्हणजे जेमतेम साडेसात अँपिअरच्या संथ ओढीला मोजलेले असतात. ७० अँपिअर ओढले, तर कागदावरचे दोन तासही भरत नाहीत.

काही मेकॅनिक मॉस्फेट वाढवून, जाड फ्यूज टाकून ‘पॉवर वाढवून’ देतात. हा उद्योग थांबायलाच हवा. ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंग तेच, केबलही तीच. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते आणि तिला वेळीच रोखणारा फ्यूज तर आधीच बदललेला असतो. टर्मिनलवरचा लग सैल असेल, त्यावर हिरवट-पांढरा थर चढला असेल, तर तो सगळ्यात आधी तापतो. लेड-ॲसिड बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि अनेक घरांत ही मांडणी जिन्याखालच्या कोंदट कप्प्यात असते. तिथे एक ठिणगी पुरते.

लोड खरंच वाढवायचा असेल, तर २४ व्होल्टचा मोठा इन्व्हर्टर आणि सिरीजमध्ये जोडलेल्या एकाच मेकच्या, एकाच वयाच्या दोन बॅटऱ्या हाच सरळ मार्ग. तेवढ्याच वॅटला करंट निम्म्यावर येतो. पण त्याआधी छताकडे बघावं. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी पंखा तिशीत भागवतो. चार पंखे बदलले की १८० वॅट मोकळे होतात, शिवाय विजेचं बिलही उतरतं.

कंपन्यांनी खोक्यावर वॅटचा आकडा व्हीएइतकाच ठळक छापावा. दुकानदारांनीही बॅटरी विकण्याआधी घरातल्या लोडची बेरीज कागदावर मांडून दाखवावी. अर्ध्या एचपीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, हे गिऱ्हाइकाला पैसे मोजण्याआधी कळलं पाहिजे.