फूल की दोन पाने

दिवाळी अंकाच्या संपादकाने पहिल्या पानावर वाचकाचे तोंड गोड करावे, हा संकेत आम्हांला ठाऊक आहे. तथापि निकाल लागला की पराभूताने मतदाराच्या बुद्धीविषयी आणि विजेत्याने पराभूताच्या निष्ठेविषयी शंका घ्यावी, असा जो रिवाज अलीकडे देशोदेशी रूढ होत चालला आहे, तो पाहता यंदा फराळाच्या ताटाशेजारी एक जुना दस्तऐवज उलगडून ठेवणे आम्हांला अधिक अगत्याचे वाटते. तो गोव्याचा आहे, आणि मराठी मनातील त्याविषयीची हळहळ अद्याप पुरती निमालेली नाही.

पोर्तुगिजांचा अंमल संपून जेमतेम पाच वर्षे लोटली असता, 16 जानेवारी 1967 रोजी, महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, असा प्रश्न गोमंतकीयांपुढे रीतसर ठेवण्यात आला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळेपणाला दोन पाने अशी चिन्हे ठरली. आणि मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला, ही गोष्ट आज कोणाला सांगितली तर दंतकथा वाटेल. मोजणीअंती दोन पानांना 1,72,191 आणि फुलाला 1,38,170 मते पडली. अंतर 34,021 मतांचे. म्हणजे अवघ्या 17,011 माणसांनी फूल पसंत केले असते तर सरहद्दीची रेघ पुसली गेली असती. जुनागढात 1948 साली पाकिस्तानच्या बाजूने केवळ 91 मते निघाली होती; तेथे कौल हा निव्वळ उपचार होता. गोव्यात तो घराघरांतून गेला. तेथील देवळांत मूर्तीला पाकळ्या लावून कौल घेतात आणि उजवी पडली की मामला मिटतो. पण माणसांना लावलेल्या कौलात डाव्या बाजूची माणसेही दुसऱ्या दिवशी त्याच तिठ्यावर भेटतात.

या निकालाची जी मीमांसा महाराष्ट्रात पुष्कळांनी केली, तीत धर्माच्या माथी दोष मारणे सर्वांत सोयीचे ठरले. वस्तुतः त्या काळी गोव्यातील ख्रिस्ती वस्ती शेकडा 40 च्याही आत होती आणि दोन पानांना मते पडली शेकडा 54. ख्रिस्ती मतदार एकूण एक बाहेर पडला असे धरले तरी हा हिशेब हिंदूंच्या मतांवाचून जुळत नाही. शिवाय विलीनीकरणाविरुद्धची एक अत्यंत प्रखर मोहीम मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने चालविली, ज्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर येत असे. आणि ते दैनिक मराठी होते. मराठीतून मराठी राज्याला नकार देता येतो, हे आमच्या पचनी पडले नाही. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांचा वावर गोव्याच्या कचेऱ्यांतून वाढला, तेव्हा स्थानिक सुशिक्षितांच्या मनात काय आले असेल, याची चौकशी आम्ही कधी केली काय? क्वेबेकमध्ये 30 ऑक्टोबर 1995 रोजी स्वतंत्र होण्याचा प्रस्ताव शेकडा 49.42 विरुद्ध 50.58 असा निसटता पडला, तेव्हा प्रांतप्रमुख जाक पारिझो यांनी त्याच रात्री पराजयाचे खापर पैशावर आणि वांशिक मतांवर फोडले. दूरच्या मुलखातील हे वाक्य आम्हांला नको तितके ओळखीचे वाटते.

परंतु खरी विचार करण्याजोगी घटना त्यानंतरची आहे. कौलाला तीन महिनेही झाले नसता, मार्च 1967 मध्ये, त्याच गोमंतकीयांनी विधानसभेच्या 30 जागांपैकी 16 जागा बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला दिल्या, आणि कौल जिंकून देणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला 12 जागांवर थांबविले. मतदारसंघांच्या रचनेचा त्यात हात असेल, हे मान्य. पण दोन पाने पसंत करणारे सारेच त्या पक्षामागे गेले असते तर तो 12 वर थांबता ना. फूल निवडणाऱ्या कित्येकांच्या मनात मुंबईपेक्षा भाटकार, म्हणजे जमीनदार, अधिक होता: 1964 च्या कूळ कायद्याने ज्याला प्रथमच मान वर करता आली, त्या कुळाला विलीनीकरण म्हणजे त्या हक्काची जामिनकी वाटे. जानेवारीत ती जामिनकी हुकली. मार्चमध्ये त्याने कायदा करणारा माणूसच पुन्हा आणून बसविला. आणि बांदोडकरांनीही, कौल मान्य करून, 1973 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच केंद्रशासित गोव्याचा कारभार पाहिला.

त्या कागदावर तिसरे चिन्ह नव्हते. गोवा घटकराज्य व्हावे, कोकणीला तिचा मान मिळावा आणि मराठीही दफ्तरातून हद्दपार होऊ नये, असे ज्याच्या मनात होते, त्याने फुलाला मत द्यावे की पानांना? 1987 साली, भाषेच्या आंदोलनात माणसे दगावल्यानंतर, राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान आणि मराठीला शासकीय व्यवहारात वाव दिला, आणि 30 मे रोजी गोवा घटकराज्य झाले. प्रश्न घालणाऱ्याने ज्या उत्तराची जागाच ठेवली नव्हती, ते मिळायला वीस वर्षे लागली.

त्या दिवशी मतदान केलेले, आता ऐंशीच्या घरात असलेले जे वाचक गोव्यात असतील, त्यांनी आपल्या आठवणी आम्हांस अवश्य लिहून पाठवाव्यात. आपण कोणत्या चिन्हाला मत दिले, हे सांगण्याची सक्ती नाही.